सहा अंशांच्या पट्ट्यात

मे महिन्यातली संध्याकाळ होती. दिवसभर तापलेल्या गच्चीवर कोणीतरी बादलीभर पाणी ओतले होते आणि फरशीतून ओलसर, किंचित चुन्यासारखा वास वर येत होता. शेजारच्या आजी आणि त्यांची सून वाळत घातलेल्या कुरडया डब्यात भरत होत्या. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक त्या संध्याकाळी आमच्या अगदी डोक्यावरून जाणार होते, म्हणून सोसायटीतली मुले आणि काही मोठी माणसे वर जमली होती. ठरलेल्या वेळी वायव्येला तो ठिपका उगवला, बघता बघता शुक्रासारखा तेजस्वी झाला आणि आग्नेयेकडे सरकत असताना पृथ्वीच्या सावलीत शिरून विझला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आजींनीही डबा बाजूला ठेवून शेवटपर्यंत पाहिले आणि मग मला विचारले, "हे त्यांचं झालं. आपलं कुठलं जात नाही का रे वरून?" मी फोनवर अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहाची वेळ काढली. त्या रात्रीचे त्याचे सगळे फेरे दक्षिण क्षितिजाला धरून होते. सर्वांत उंच फेराही समोरच्या इमारतीच्या आड जाणारा होता. "आज नसेल तर उद्या," आजी म्हणाल्या. मी म्हणालो, "तो आपल्या डोक्यावर कधीच येत नाही, आजी." त्यांनी डब्याचे झाकण लावले आणि जिना उतरता उतरता म्हणाल्या, "मग आपला कसा?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, साधे कुतूहल होते. पण तो प्रश्न माझ्या मनातून जाईना. अ‍ॅस्ट्रोसॅटचा माग मी बराच काळ घेत आलो आहे. त्याच्या कक्षेचा कल सहा अंशांचा आहे, हे मला आपल्या पिनकोडइतके पाठ आहे. कल सहा अंशांचा म्हणजे विषुववृत्ताच्या सहा अंश उत्तरेला आणि सहा अंश दक्षिणेला त्याची येरझार संपते. त्यापलीकडच्या कोणत्याही जागेच्या माथ्यावर तो येऊ शकत नाही. पुणे साडेअठरा अंशांवर आहे, मुंबई एकोणीस. कन्याकुमारी आठ अंशांच्या थोडी वर आहे. नकाशात बोट आणखी खाली नेले तर ग्रेट निकोबारचे इंदिरा पॉइंट लागते. देशाचे ते शेवटचे टोकसुद्धा पावणेसात अंशांवर आहे. म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत, बंगळुरू आणि तिरुवनंतपुरमच्या प्रयोगशाळांत ज्याची उपकरणे घडली, ज्याला आपण भारताची पहिली अवकाश वेधशाळा म्हणतो, ती वेधशाळा भारताला वळसा घालून जाते.

देशाच्या जमिनीवरून ती एकदाही गेलेली नाही.

हे मोठ्याने उच्चारल्यावर प्रथम वाटली ती एक विचित्र हुरहूर. श्रीहरिकोट्याहून २८ सप्टेंबर २०१५ रोजी सकाळी दहा वाजता पीएसएलव्हीने दीड टन वजनाचा हा उपग्रह उचलला आणि साडेसहाशे किलोमीटर उंचीवर नेऊन सोडला, तेव्हापासून तो सुमारे अठ्ठ्याण्णव मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी करतो आहे. त्या फेऱ्यांत त्याच्याखालून काय काय जाते, याची यादी मी एकदा नकाशा पुढे ठेवून केली. मालदीवची बेटे, सुमात्रा, मलेशिया, सिंगापूर, बोर्निओ, मग पॅसिफिकचा तो न संपणारा निळा विस्तार, पुढे इक्वाडोर, कोलंबिया, ब्राझीलचे जंगल, अटलांटिक, गॅबन, काँगो, युगांडा, केनिया, सोमालियाचा दक्षिण किनारा आणि पुन्हा आपला हिंदी महासागर. श्रीलंकेचे दक्षिण टोक तो जेमतेम शिवतो. यादी वाचताना वाटले, की घरच्या माणसाचा पत्ता लिहावा आणि त्यात ओळखीचे एकही गाव नसावे.

पण त्याला तिथे पाठवण्यात हेतू होता आणि तो हेतू कळला, की हुरहुरीच्या शेजारी एक आदरही येऊन बसतो. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या विद्युतभारित कणांचे पट्टे आपल्याभोवती आहेत आणि त्यांपैकी आतला पट्टा ब्राझील आणि दक्षिण अटलांटिकच्या वर बराच खाली उतरतो, कारण तिथे चुंबकीय क्षेत्र दुबळे आहे. क्ष-किरण टिपणारे संवेदक त्या भागातून जाताना कणांच्या माऱ्याने अक्षरशः आंधळे होतात. त्यांचा उच्च विद्युतदाब उतरवून ठेवावा लागतो, नाहीतर ते कायमचे बिघडण्याची भीती असते. कक्षा जितकी तिरकी, तितका उपग्रह त्या भागात खोल शिरतो. सहा अंशांच्या कक्षेतून तो त्याच्या उत्तरेकडच्या कडेलाच स्पर्श करतो. जिथून लाखो प्रकाशवर्षांवरचे चार-दोन फोटॉन मोजायचे आहेत, तिथे आजूबाजूचा कलकलाट जितका कमी तितके बरे. म्हणून विषुववृत्त. यासाठी किंमतही मोजावी लागली. श्रीहरिकोटा पावणेचौदा अंश अक्षांशावर आहे. तिथून सरळ पूर्वेकडे सोडलेल्या उपग्रहाच्या कक्षेचा कल तेवढाच राहतो. तो सहावर आणायचा तर अग्निबाणाला मध्येच कक्षेचे प्रतल वळवावे लागते आणि या वळणाला इंधन फार लागते. म्हणजे त्याला आपल्यापासून दूर न्यायला आपण मुद्दाम जादा इंधन जाळले.

क्ष-किरण खगोलशास्त्राला विषुववृत्ताची ही ओढ पहिल्यापासूनच आहे. या शाखेचा पहिला स्वतंत्र उपग्रह, उहुरू, १२ डिसेंबर १९७० रोजी केनियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उभारलेल्या इटलीच्या तळावरून उडाला. तो दिवस केनियाच्या स्वातंत्र्याचा वर्धापनदिन होता आणि उपग्रहाचे नावही त्यावरूनच ठेवले होते. इटलीचाच अ‍ॅजिले हा गॅमा-किरणांचा उपग्रह २००७ च्या एप्रिलमध्ये आपल्या श्रीहरिकोट्याहून उडाला. त्याची कक्षा तर अडीच अंशांचीच होती आणि त्याचे संदेश उतरत होते केनियातल्या मालिंदीच्या केंद्रावर. रोम, श्रीहरिकोटा आणि मालिंदी यांना जोडणारी ही रेघ मला फार आवडते. ज्या किनाऱ्यावर शतकानुशतके आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची गलबते मोसमी वाऱ्याने जात होती, तिथेच आकाशातल्या या नव्या वाहतुकीचे बंदर व्हावे, यात काही योजना नाही, भूगोल आहे. तरीही ते मनाला भावते.

उपग्रहाचा माग घेणे म्हणजे काय, हे मी पहिल्यांदा पाहिले ते सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या शाळेत, १९७९ च्या पावसाळ्यात. स्कायलॅब पडणार म्हणून तेव्हा सगळीकडे घबराट होती. सत्त्याहत्तर टनांची ती अमेरिकी प्रयोगशाळा कुठे कोसळणार, हे कोणालाच नेमके सांगता येत नव्हते. पारावर रेडिओभोवती माणसे जमत. काही घरांत पेरणीची घाई थांबली होती, तर कोणी म्हणत होते, की आता मेलोच तर कोंबडी तरी कापून खाऊ. आमच्या आजीने देवापुढचा दिवा रात्रभर विझू दिला नव्हता. तेलाचा आणि वातीच्या काजळीचा वास तेव्हाच्या भीतीशी माझ्या मनात अजून जोडलेला आहे. गुरुजींनी वर्गात फळ्यावर जगाचा नकाशा काढला आणि त्यावर पिवळ्या खडूने एक लाटेसारखी रेघ ओढली, वर पन्नास अंशांपर्यंत, खाली पन्नास अंशांपर्यंत. "ती या रेघेवरून चालली आहे आणि प्रत्येक फेरीत रेघ थोडी पश्चिमेकडे सरकते," ते म्हणाले. एक रेघ त्यांनी महाराष्ट्रावरून नेली. मागच्या बाकावरची मुले घाबरली. मला मात्र त्या रेघेचे आकर्षण वाटले होते. आकाशातली वस्तू खडूच्या रेघेत पकडता येते, हा मला तेव्हा चमत्कार वाटला होता. ११ जुलैला स्कायलॅब हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडली. बातमी आली तेव्हा गावात हायसे झाले, पेरण्या सुरू झाल्या. ऑस्ट्रेलियातल्या लोकांचे काय झाले, हे त्या दिवशी आमच्यापैकी कोणी विचारले नाही.

आता खडूची ती रेघ माझ्या संगणकावर आहे. तिच्या मागे असतात आकड्यांच्या दोन ओळी, प्रत्येकी एकोणसत्तर अक्षरांच्या. पंचकार्डांच्या काळात ठरलेला हा साचा अजून टिकून आहे. वर्ष अजून दोनच आकड्यांत लिहिले जाते. पहिल्या ओळीत उपग्रहाचा यादीतला क्रमांक असतो, अ‍ॅस्ट्रोसॅटचा ४०९३०, आणि हे मोजमाप कोणत्या क्षणाचे आहे ते असते. दुसऱ्या ओळीत कक्षेचा कल, कक्षा विषुववृत्ताला कुठे छेदते ती दिशा, ती किती लांबट आहे, त्या क्षणी उपग्रह तिच्यावर कुठे होता आणि दिवसाला तो किती फेऱ्या करतो, हे सगळे ओळीने मांडलेले असते. फेऱ्यांचा आकडा पावणेपंधराच्या आसपास असतो. अमेरिकी सैन्याची रडारे आणि दुर्बिणी हजारो वस्तूंची अशी मोजमापे सतत घेतात आणि त्यांतली बहुतेक कोणालाही पाहायला खुली असतात. सकाळी चहाचे आधण ठेवले, की मी ताज्या ओळी उतरवून घेतो. ही सवय बायकोला सुरुवातीला अनाकलनीय वाटत होती. आता कधी उशीर झाला, तर तीच विचारते, "आज आकडे आले का?"

या आकड्यांना शिळेपण फार लवकर येते. साडेसहाशे किलोमीटरवर हवा जवळजवळ नाहीच, पण अगदीच नाही असेही नाही. सूर्य खवळला, की वातावरणाचा वरचा थर फुगतो, विरळ हवेचा हात उपग्रहाला थोडा जास्त लागतो आणि त्याची कक्षा थोडीथोडी खाली येते. म्हणून चांगल्या ओळींतूनही एखाद्या किलोमीटरची चूक पहिल्यापासूनच असते आणि दर दिवसागणिक ती वाढत जाते. उपग्रहाचा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटर आहे. आठवड्यापूर्वीचे आकडे घेऊन दुर्बीण लावून बसले, तर तो आधी तरी येऊन जातो, नाहीतर उशिरा तरी येतो. भूकेंद्रावरच्या मोठ्या अँटेनालाही हाच नियम लागू आहे; तिला तर क्षितिजावर नेमकी वाट बघत थांबावे लागते. बंगळुरूहून अ‍ॅस्ट्रोसॅटशी बोलणे होते, त्याला आज्ञा जातात, त्याने साठवलेली निरीक्षणे उतरवून घेतली जातात. दिवसाच्या चौदा-पंधरा फेऱ्यांपैकी दहाएक फेऱ्या तिथून उपयोगी पडतात. प्रत्येक भेट जेमतेम दहा-बारा मिनिटांची.

या आकड्यांतला एक मला विशेष मोहवतो. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे आणि त्या फुगवट्याच्या ओढीने अ‍ॅस्ट्रोसॅटच्या कक्षेचे प्रतल रोज सुमारे सात अंश पश्चिमेकडे वळते. साधारण पन्नास दिवसांत त्याचे एक पूर्ण आवर्तन होते. पुण्याहून रोज ठरावीक वेळी, समजा संध्याकाळी, पाहताना याचा परिणाम असा, की आपल्या रेखांशावरून जाताना कधी तो सहा अंश उत्तरेला असतो, कधी विषुववृत्तावर, कधी सहा अंश दक्षिणेला. उत्तरेला असला, की आपल्या क्षितिजापासून सतरा-अठरा अंश वर येतो; दक्षिणेला असला, की क्षितिजाला जेमतेम घासून जातो. तो नेहमी नैर्ऋत्येकडे उगवतो आणि आग्नेयेकडे मावळतो. बंगळुरूची अँटेनासुद्धा त्याच्यासाठी पस्तीस अंशांहून फारशी वर मान उचलत नाही. म्हणजे त्याला ज्यांनी घडवले आणि जे त्याच्याशी रोज बोलतात, ते सगळेच त्याच्याकडे नेहमी तिरकस, दक्षिणेकडे तोंड करून पाहतात. दक्षिण ही आपल्याकडे यमाची दिशा, घरातला दिवासुद्धा तिकडे तोंड करून ठेवत नाहीत. मला मात्र आता ती सर्वांत जिवंत दिशा वाटते.

टाटा संस्थेतल्या ज्या पिढीने हे उपग्रहाचे स्वप्न पाहिले, तिचा माग घेण्याचा अनुभव याहून अगदी वेगळा होता. क्ष-किरण जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत, वातावरण ते गिळून टाकते. म्हणून बी. व्ही. श्रीकंठन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादहून प्रचंड फुगे सोडायला सुरुवात केली. पातळ पॉलिथिनचे ते फुगे उपकरणे घेऊन तीस-चाळीस किलोमीटर उंचीवर जात, काही तास आकाश न्याहाळत आणि मग उपकरणे हवाई छत्रीने खाली येत. ती कुठे येतील, हे वारा ठरवी. आजही हैदराबादहून फुगे उडतात तेव्हा जी सूचना प्रसिद्ध होते, तिच्यात तेलंगण आणि कर्नाटकाबरोबर महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांचीही नावे असतात. शेतात असे काही उतरले तर उघडू नका, पोलिसांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवा, असे त्यात लिहिलेले असते. कोणाच्या तरी तुरीच्या रानात उतरलेला तो डबा, त्याच्याभोवती जमलेले गाव आणि धूळ उडवत येणारी संस्थेची गाडी हे दृश्य मी पाहिलेले नाही, पण ते मला डोळ्यांपुढे आणता येते, कारण ती जमीन माझ्या ओळखीची आहे. पी. सी. अग्रवाल यांच्यासारखे संशोधक या फुग्यांच्या शाळेतून आले आणि पुढे अ‍ॅस्ट्रोसॅटचे धुरीण झाले. फुग्याचे उपकरण परत हातात येत होते, त्यावरची माती झटकता येत होती. उपग्रह एकदा गेला तो गेला. त्यानंतर त्याच्याशी नाते फक्त आकड्यांचे.

तरी त्या आकड्यांवर किती अवलंबून असते, हे कळायला २०१७ च्या जानेवारीतली एक गोष्ट पुरेशी आहे. ४ जानेवारीला अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी दोन कृष्णविवरांच्या मीलनातून आलेल्या गुरुत्वीय लहरी टिपल्या. त्या ज्या दिशेने आल्या असाव्यात, त्या भागात हवाईतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीला एक झपाट्याने मंदावणारा प्रकाशबिंदू सापडला. कृष्णविवरांच्या मीलनातून प्रकाशही निघाला असेल, तर ती फार मोठी गोष्ट ठरली असती. पण अ‍ॅस्ट्रोसॅटवरच्या सीझेडटीआय या उपकरणाच्या नोंदी चाळणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी, म्हणजे ५ जानेवारीला, एक गॅमा-किरण स्फोट झालेला आढळला. मुंबईच्या आयआयटीतले वरुण भालेराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढच्या तपासातून दाखवून दिले, की तो प्रकाशबिंदू या स्फोटाची विझत जाणारी राख होती. कृष्णविवरांशी त्याचा संबंध नव्हता. दोन वेगळ्या घटना, एकाच दिशेला जवळपास दिसलेल्या. एक मोठा शोध हातातून निसटला, असेही याला म्हणता येईल. मला मात्र यात फार मोठे काम दिसते, कारण खोटी आशा वेळेवर खोडून काढणारा साक्षीदार सहज मिळत नाही.

या साक्षीला वजन येते ते साक्षीदार त्या क्षणी कुठे उभा होता हे ठाऊक असल्यामुळे. शंभर किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरच्या ऊर्जेला सीझेडटीआयच्या भोवतीच्या भिंती पारदर्शक होतात, त्यामुळे ते उपकरण सर्व बाजूंनी येणारे स्फोट टिपते. फक्त एक बाजू त्याला बंद असते, ती पायाखालच्या पृथ्वीची. साडेसहाशे किलोमीटरवरून पृथ्वी जवळजवळ तीस टक्के आकाश झाकते. स्फोट दिसला नाही, याचा अर्थ तो झालाच नाही की तो पृथ्वीआड होता, हे ठरवायला त्या सेकंदाला उपग्रह मालदीववर होता की गॅबनवर, हे कळावे लागते. माझ्या सकाळच्या दोन ओळींचे खरे मोल मला तेव्हा कळले. हे उपकरण पहिल्यांदा चालू केले, त्याच दिवशी, ६ ऑक्टोबर २०१५ रोजी, त्याने एक स्फोट टिपला होता. २०२३ च्या नोव्हेंबरपर्यंत त्याच्या खात्यात सहाशे स्फोट जमा झाले होते. खेकडा तेजोमेघातल्या स्पंदकाच्या क्ष-किरणांचे ध्रुवीकरण त्याने मोजले, अ‍ॅस्ट्रोसॅटच्याच अतिनील दुर्बिणीने नऊ अब्ज तीस कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका आकाशगंगेचा प्रकाश पकडला आणि त्या शोधाचे नेतृत्व पुण्याच्या आयुकातून झाले. आमच्या घरापासून आयुका फार लांब नाही. त्या फाटकावरून जाताना मला नेहमी वाटते, की आत कोणीतरी आत्ता मालदीववरून आलेले काहीतरी वाचत असेल.

त्याला डोळ्यांनी पाहायची इच्छा मात्र माझी गेली नाही. पुण्याच्या दक्षिण क्षितिजावर दिव्यांची पिवळट साय असते, तिथे हा मंद उपग्रह दिसणे शक्य नाही. म्हणून एका मार्चच्या सुरुवातीला, कक्षा उत्तरेकडे झुकलेली असताना, पन्हाळ्याला गेलो. तिथून तो बावीस अंशांच्या आसपास वर येतो. सूर्यास्तानंतर तासाभराने दक्षिणेला अगस्त्य स्थिर, शुभ्र तळपत होता. दिवसभराच्या उन्हाने तटाचा दगड अजून कोमट होता आणि खालच्या उसाच्या रानातून पाचट जाळल्याचा वास येत होता. अगस्त्याची उंची तिथून वीस-एकवीस अंश, म्हणजे गणिताप्रमाणे अ‍ॅस्ट्रोसॅट त्याच्या थोडा वरून जायला हवा होता. दुर्बीण अगस्त्यावर रोखून मी बसलो. सांगितलेल्या वेळेच्या दोन-तीन सेकंद मागेपुढे एक अतिशय फिका ठिपका उजवीकडून आला, अगस्त्याच्या वरून गेला आणि दृष्टिक्षेत्राच्या डाव्या कडेला हरवला. आज आकाशात इतके उपग्रह आहेत, की एका फिक्या ठिपक्यावर शपथ घेता येत नाही. वेळ, दिशा आणि उंची मात्र त्याचीच होती. आनंद झाला, पण मला अपेक्षित होता तसा नव्हे. इतक्या वर्षांच्या ओळखीनंतर त्याचे दिसणे जवळजवळ अनावश्यक वाटले आणि या वाटण्याचेच वाईट वाटत राहिले.

परतताना घाटात आजींचा प्रश्न मनात पुन्हा वर आला आणि या वेळी त्याला दुसरी बाजू दिसली. आपला उपग्रह आपल्या डोक्यावरून जात नाही, पण कोणाच्या तरी डोक्यावरून तो जातोच. माले शहराच्या, कंपालाच्या, क्वालालंपूरच्या, काँगोच्या काठावरच्या वस्त्यांच्या माथ्यावरून तो रोज जातो आणि तिथल्या कोणाला त्याची खबरही नसेल. त्याचे आयुष्य पाच वर्षांचे धरले होते. त्याने दहा ओलांडली. अतिनील दुर्बिणीची एक वाहिनी २०१८ मध्ये बंद पडली, क्ष-किरणांच्या एका संवेदकातला वायू गळून गेला, तरी बाकीचे काम चालू राहिले. हवेचा तो विरळ हात मात्र थांबणारा नाही. अ‍ॅजिले याच पट्ट्यात सतरा वर्षे फिरून फेब्रुवारी २०२४ मध्ये वातावरणात शिरला आणि संपला. तो साडेतीनशे किलोंचा होता, अ‍ॅस्ट्रोसॅट त्याच्या चौपटीहून मोठा आहे. तो दिवस अजून पुष्कळ लांब असेल, पण जेव्हा येईल तेव्हा एक गोष्ट ठरलेली आहे: जे काही खाली पोहोचेल, ते सहा अंश उत्तर आणि सहा अंश दक्षिण यांच्यामध्येच पोहोचेल. त्या पट्ट्यात समुद्र खूप आहे, हा दिलासा आहे. त्या पट्ट्यात आपण नाही.

याच कारणाने मेघा-ट्रॉपिक्सचा शेवट मला फार महत्त्वाचा वाटतो. भारत आणि फ्रान्स यांचा हा हवामानाचा उपग्रह २०११ पासून वीस अंशांच्या कक्षेत होता. त्याचे वळण बरोबर आपल्या नाशिकच्या अक्षांशावर येत होते. म्हणजे तो खऱ्या अर्थाने आपल्या डोक्यावरून जात होता. काम संपल्यावर त्याला तसाच सोडला असता, तर तो शंभराहून अधिक वर्षे वर भटकत राहिला असता. इस्रोने त्यात उरलेल्या इंधनाने त्याची कक्षा टप्प्याटप्प्याने खाली आणली आणि ७ मार्च २०२३ रोजी त्याला पॅसिफिक महासागरावर, वस्तीपासून दूर, उतरवून जाळले. अशा उतरणीसाठी तो मुळात बांधलेला नव्हता. तरी ते केले गेले. १९७९ मध्ये आमच्या गावाने ज्याची आस धरली होती, ते हेच होते, की वर जे आहे त्याची कोणीतरी जबाबदारी घ्यावी आणि ते कुठे पडणार हे आम्हाला आधी सांगावे.

१ जानेवारी २०२४ रोजी क्ष-किरणांचे ध्रुवीकरण मोजणारा भारताचा एक्स्पोसॅटही याच साडेसहाशे किलोमीटरवर, याच सहा अंशांच्या कक्षेत गेला. आता सकाळी मी दोघांचेही आकडे उतरवतो. निरीक्षणाच्या ठिकाणांच्या यादीत पूर्वी फक्त पुणे होते. आता पुण्याखाली माले, कंपाला आणि सिंगापूर आहेत, आणि कंपालावरून अ‍ॅस्ट्रोसॅटचा पुढचा अगदी माथ्यावरचा फेरा परवा पहाटे आहे.